वंशावळीतला लष्कराचा रकाना

आमच्या प्यो घराण्याची वंशावळ दर तीस वर्षांनी नव्याने छापतात. मागची निघाली माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी. यंदाचं काम माझ्या मोठ्या दिरांनी, गी-ते भाऊजींनी, अंगावर घेतलं, आणि अंगावर घेतलं म्हणजे आम्हा सगळ्यांच्या मानगुटीवर बसवलं. भाऊजी चौतीस वर्षं सैन्यात होते, सुभेदार मेजर होऊन निवृत्त झाले. घरी येऊन अकरा वर्षं झाली, तरी कोबीचे वाफे ते दोरी लावूनच आखतात.

त्यांचा फोन आला तेव्हा मी देगूला माझ्या फ्लॅटमध्ये होते. जुनी वंशावळ कोरियन लिपीत नाही, चिनी अक्षरांत आहे आणि आता घरात ती वाचणारं कुणी उरलेलं नाही. मी एकवीस वर्षं शाळेत हीच अक्षरं शिकवली. तेव्हा मी चार दिवस गावी येऊन जुनी पानं उतरवून द्यावीत, असा हुकूम होता. पुढे ते म्हणाले की, या वेळी प्रत्येक पुरुषाच्या नावापुढे एक नवा रकाना असेल. लष्करातला हुद्दा, तुकडी, वर्षं. आपल्या घराण्यातला एकही पुरुष नोकरी चुकवून पळालेला नाही, हे एकदा कागदावर येऊ दे.

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. माझ्या मुलाने, हानसोलने, सैन्यात जायला नकार दिला आहे, हे भाऊजींना सांगायचं मी पाच महिने टाळत होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. मीही त्याला जाच म्हणत होते. सक्तीचे अठरा महिने तर आहेत, सगळ्यांची मुलं जातात, डोकं भादरून घेतात, काळवंडून परत येतात, पुढे जन्मभर जेवणाच्या टेबलावर त्याच गोष्टी सांगतात. मी हात जोडले, अबोला धरला, त्याच्या आवडीचा खेकडा सोया सॉसमध्ये मुरवून पुढे ठेवला. पालथ्या घड्यावर पाणी. नकार देणाऱ्यांसाठी आता कायद्याने दुसरी वाट आहे, पण ती छत्तीस महिन्यांची, म्हणजे दुप्पट, आणि तीही तुरुंगाच्या आवारात राहून. स्वयंपाक, धुणं, साफसफाई. बहुतेक अर्ज धर्मामुळे नकार देणाऱ्यांचे असतात. आमच्या पोराला देव नाही की देऊळ नाही. समितीपुढे त्याला सगळं आपल्या तोंडाने पटवून द्यावं लागलं. कुणी तुझ्या आईवर हात उचलला तर काय करशील, असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "काय करीन ते माहीत नाही. पण माणूस मारायचा सराव आधीपासून करून ठेवणं मला जमणार नाही." अर्ज मंजूर झाला. ऑक्टोबरात हजर व्हायचं होतं.

हे त्याच्या डोक्यात कुठून आलं तेही मला उशिरा कळलं. माझे यजमान गी-जुन नऊ वर्षांपूर्वी यकृताच्या आजाराने गेले. सत्त्याऐंशी साली त्यांची सैन्यातली भरती दंगल पोलिसांत झाली होती. ते काही त्यांनी मागितलं नव्हतं. यादीत नाव निघालं, हातात ढाल आणि दांडका दिला आणि विद्यापीठाच्या फाटकापुढे, मोर्चातल्या विद्यार्थ्यांसमोर, उभं केलं. विद्यापीठ त्यांचंच. मला त्यांनी एवढंच सांगितलं होतं. मुलाला मात्र सगळं सांगितलं होतं. तो दहा-अकरा वर्षांचा असताना धरणावर गळ टाकून बसले होते तेव्हा. एका मुलीच्या खांद्यावर त्यांनी दांडका घातला होता आणि ती खाली पडताना तिने त्यांना नावाने हाक मारली होती. त्यांच्याच वर्गातली होती. वीस वर्षांच्या संसारात माझ्यापाशी ही गोष्ट निघाली नाही, आणि गळाला किडा लावता लावता एका पोराला सांगून टाकली. यजमान गेले म्हणून त्यांच्याशी भांडताही येत नाही.

तर सप्टेंबरच्या सुरुवातीला मी गावी गेले. भाऊजींनी बैठकीच्या खोलीत टेबल मांडून ठेवलं होतं. टोकदार पेन्सिली, भिंग, पट्टी, सगळं रांगेत. जाऊबाईंनी मक्याचा चहा आणून दिला. मी पहिल्याच दिवशी, पहिलं पान उलटायच्या आत, हानसोलचं सांगून टाकलं. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

भाऊजी ओट्यावर बसून विळे घासत होते. चुसोकच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या, आधी पितरांच्या थडग्यांवरचं गवत कापायला अख्खं घराणं जमतं, त्याची तयारी. दगडावरचा हात थांबला नाही. घासता घासताच म्हणाले, "गी-जुन असता तर हे झालं नसतं."

"गी-जुनमुळेच झालंय," मी म्हटलं. पण ती धरणावरची गोष्ट मला सांगता आली नाही. ती माझी नव्हती.

"मग त्याच्या नावापुढे काय लिहू मी? तुरुंगातला आचारी?"

"आहे ते लिहा. छत्तीस महिने सेवा."

"सेवा." त्यांनी विळ्याची धार अंगठ्यावर तपासली. "नावच घालत नाही. रकाना रिकामा दिसण्यापेक्षा ओळच नको. लोक विचारणार नाहीत."

मी म्हटलं, तुमचा सांग-उक पाठीच्या कण्यामुळे सैन्यात गेलाच नाही, दोन वर्षं तालुक्याच्या कचेरीत फायली वाहत होता, त्याची ओळ आहे ना? हे बोलायला नको होतं. जाऊबाई दारातच उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "माझ्या पोराने डॉक्टरचा कागद आणला होता बाई. तुझ्या पोराने आणलं ते तत्त्वज्ञान." आणि चहाचा अर्धा पेला तसाच उचलून घेऊन गेल्या. पुढचे तीन दिवस माझ्या ताटात मुळ्याचं लोणचं वाढायला त्या रोज विसरल्या.

मी निघून जायला हवं होतं. पण वंशावळीची पेटी उघडलेली होती, आणि जुना कागद समोर दिसला की माझे हात शहाणपणाने वागत नाहीत.

तिसऱ्या दिवशी पेटीच्या तळाशी, वंशावळीच्या सात खंडांखाली, लाल फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी मिळाली. आत तीन कागद. पहिले दोन सरकारी खानेसुमारीचे उतारे होते, तीन वर्षांच्या अंतराने काढलेले, साधारण एकशे ऐंशी वर्षांपूर्वीचे. पहिल्यात लिहिलं होतं: प्यो माकसे, वय एकतीस, बायको मुन घराण्यातली, घर वेशीजवळ, लष्कराचं कापड भरणारा. त्या काळी साध्या रयतेतल्या गड्याला एकतर सैन्यात जावं लागे नाहीतर दरसाल त्याबदली कापड द्यावं लागे. खानदानी विद्वानांना दोन्ही माफ. दुसऱ्या उताऱ्यात लिहिलं होतं: प्यो जिन-हान, वय चौतीस, बायको मुन घराण्यातली, घर वेशीजवळ, विद्यार्थी. म्हणजे विद्वान, म्हणजे माफ.

माणूस तोच. घर तेच, बायको तीच, वयात तीन वर्षांची भर. नाव आणि दर्जा तेवढा बदलला.

कसा बदलला ते तिसऱ्या कागदावर होतं. दुसऱ्या परगण्यातल्या एका बड्या प्यो घराण्याच्या कारभाऱ्याने दोन बैल घेऊन लिहून दिलं होतं की, आमच्या बाराव्या पिढीतली एक शाखा गहाळ झाली होती, ती आता सापडली आहे.

मी भिंग खाली ठेवलं. ज्या वंशावळीत हानसोलची ओळ नको होती, त्या वंशावळीत हे घराणं आलंच मुळी सैन्य चुकवायला. बाराव्या पिढीच्या वर जे सेनापती, खिंड अडवून धारातीर्थी पडलेले वगैरे, ज्यांच्या नावाने भाऊजी दरवर्षी डोकं टेकत, ते आमचे कुणी नव्हतेच. मला हसू आलं आणि लगेच रागही आला. मी तिन्ही कागद उतरवून घेतले, फडक्यासकट पिशवीत ठेवले आणि भाऊजींना एक अक्षर बोलले नाही. गवत कापायच्या दिवशी सगळ्यांसमोर वाचायचं, असं मी ठरवलं. वाईट बुद्धी होती, पण होती.

त्या शनिवारी तीस-एक माणसं जमली. हानसोल सकाळच्या गाडीने आला. त्याने यावं असा माझा आग्रह नव्हता, पण तो म्हणाला, बाबांच्या थडग्यावरचं गवत दुसरं कोण काढणार. पेट्रोलवर चालणारं यंत्र पाठीला लावून तो टेकडी चढला आणि दुपारपर्यंत खाली आला नाही. सांग-उक पाठीमुळे वाकू शकत नाही, त्याच्या वाटचं दंताळंही हानसोलनेच ओढलं. त्या दोघांचं जमतं. वर चढताना सांग-उक त्याला म्हणत होता, "तुझ्यामुळे या वर्षी माझ्या पाठीची चौकशी कुणी करत नाहीये. उपकार आहेत तुझे."

काम संपल्यावर ताडपत्री अंथरून सगळे जेवायला बसले. गोमांसाचं सूप, रानभाजी, तांदळाची दारू. भाऊजींनी उभं राहून नव्या रकान्याचं सांगितलं. माना हलल्या. बोंग-सिक नावाचे एक चुलत दीर आहेत, नौसैनिक होते, लाल टोपी अजून घालतात. ते हानसोलच्या वाडग्यात दारू ओतत म्हणाले, "आचारीबुवा, आमचं सूप कसं झालंय सांगा. तुमचा अभ्यास चालू असेल ना?"

लोक हसले. हानसोल म्हणाला, "मीठ कमी आहे, काका," आणि जेवत राहिला.

मी उठले. पिशवीतून कागद काढले आणि वाचायला लागले. आधी चिनी अक्षरं, मग अर्थ. माकसे, कापड, दोन बैल, गहाळ शाखा. शाळेत वाचायचे तसं, सावकाश, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. संपल्यावर मी वाट पाहिली. काय व्हायला हवं होतं कोण जाणे. निदान कुणाच्या हातातला घास तरी थांबावा.

बोंग-सिकने कागद हातात घेतला, उलटा धरला, मग सुलटा धरला. "वहिनी, यात बैल कुठेय?"

मी अक्षर दाखवलं.

"हा बैल? मला तर शिडी वाटली." परत हसू. एक म्हातारे चुलत सासरे म्हणाले की, सूनबाईने मेहनत फार केली, पण जुन्या कागदांचे अर्थ दहा निघतात. दुसरं कुणीतरी म्हणालं, त्या काळी सगळेच असं करायचे. तिसऱ्याने विचारलं, दोन बैल म्हणजे आजचे किती होतील. मग ते त्याचाच हिशेब करायला लागले. चार मिनिटांत माझा बाँब लोणच्याच्या वाडग्यासारखा इकडून तिकडे फिरून परत माझ्यापुढे आला. तीस माणसांत तो कागद वाचू शकणारी मी एकटी, म्हणून ते खरं की खोटं, हेही माझ्या एकटीच्या शब्दावर. एकवीस वर्षं मी पोरांना सांगत आले की ही अक्षरं शिका, नाहीतर आपलं आपल्याला वाचता येणार नाही. न वाचता येण्यात एवढी सोय असते, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

हसले नाहीत ते फक्त भाऊजी. भांडी आवरताना ते माझ्यापाशी आले आणि कागद मागितले. मी दिले. त्यांनी ते लाल फडक्यात घडी न मोडता बांधले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

माझा विश्वास बसला नाही. अक्षर तर एक वाचता येत नाही तुम्हाला, मी म्हटलं.

"बाबांनी सांगितलं होतं. मी भरती व्हायला निघालो त्या दिवशी. हे फडकं दाखवलं आणि म्हणाले, यात आपली लाज आहे." ते थडग्यांकडे बघत बोलत होते, माझ्याकडे नाही. "तू वाचलंस ते अर्धंच आहे. गावाच्या डोक्यावर कापडाचा आकडा ठरलेला असायचा. एक माणूस सुटला म्हणून आकडा कमी होत नव्हता. माकसेच्या वाटचं कापड कुणी भरलं असेल? त्याच्याच बायकोच्या माहेरच्यांनी. मुन घराण्याने. आपल्या टेकडीखाली होती त्यांची घरं. आज गावात एक तरी मुन आहे का बघ."

मी टेकडीखाली बघितलं.

"मी चौतीस वर्षं राहिलो ते मला बंदूक आवडते म्हणून नाही. एक सुटला की त्याचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर जातं. हानसोल नाही म्हणाला. बरं. मग सीमेवरच्या त्या चौकीत त्याच्या जागी थंडीत कोण उभं आहे? कुणाचा तरी पोरगाच ना?"

"तो सुटत नाहीये, भाऊजी. तीन वर्षं आत राहणार आहे. माकसेने दोन बैल देऊन हात झटकले. हा दुप्पट भरतोय."

"भरतोय, पण भलत्याच जागी."

"ती जागा त्याने ठरवली नाही. तुमच्या सरकारने ठरवली."

त्यांनी फडक्याची गाठ पुन्हा आवळली. मला वाटलं, आता काहीतरी हलेल. पण ते म्हणाले, "दंताळी मोजून घे. मागच्या वर्षी दोन हरवली होती," आणि निघून गेले. त्या माणसाशी भांडताना दर वेळी हेच होतं. अगदी भिंतीपर्यंत जाऊन पोचावं आणि भिंतीने दंताळी मोजायला सांगावं.

परतीच्या वाटेवर हानसोल माझी गाडी चालवत होता. मला वाटलं होतं, निदान तो तरी काही चांगलं बोलेल. अर्धा घाट उतरल्यावर तो म्हणाला, "आई, तू मला त्या माकसेच्या रांगेत का बसवलंस?"

"तुझ्या बाजूने बोलले मी."

"तू एवढंच म्हणालीस की घराणं आधीपासून पळपुटं आहे, मग हा पळाला तर काय झालं. मी पळत नाहीये. समितीपुढे सगळं तोंडाने सांगितलं मी, आणि तू ते एका जेवणात घालवलंस."

"मग तुझं नाव गाळू द्यायचं होतं का?"

"मला त्या पुस्तकात यायचंय की नाही, हे तू एकदा तरी विचारलंस? काकांनी नाही विचारलं, ते जाऊ दे. तू?"

मी काचेबाहेर बघत राहिले. पर्सिमनच्या बागा होत्या, फळं अजून हिरवी होती. विचारलं नव्हतं हे खरं होतं. मी त्याला सैन्यात जा म्हणून छळलं, मग सैन्यात न गेल्याचा मान त्याला मिळावा म्हणून तीस माणसांशी भांडले, आणि दोन्ही वेळा त्याला माझी गरज नव्हती. थोड्या वेळाने त्याने गाडी थांबवून अक्रोडाचे गरम केक घेतले आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. आम्ही ते गाडीतच संपवले.

ऑक्टोबरात तो हजर झाला. पहिल्या भेटीत त्याने हात दाखवले. रोज नऊशे माणसांचे तांदूळ धुऊन बोटांची सालं निघाली होती. मी मलम नेलं होतं. तो म्हणाला, इथे एक कैदी आहे, सत्तर वर्षांचा, तो मुळा माझ्यापेक्षा बारीक चिरतो. त्याच्याकडून शिकतोय.

डिसेंबरात भाऊजींकडून कच्ची छपाई आली. चिनी अक्षरं तपासून द्यावीत, असं चिठ्ठीत लिहिलं होतं, बाकी काही नाही. मी थेट शेवटचा खंड उघडला. प्यो गी-जुन, दंगल पोलीस, तीस महिने. त्याखाली हानसोलची ओळ होती. नाव, जन्मसाल. लष्कराच्या रकान्यात छापलेलं काही नव्हतं; पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं: "तूच भर."

मी दोन दिवस तो कागद टेबलावर ठेवला. सरकारी शब्द आहे तो 'बदली सेवा'. तो लिहिला की भाऊजींचा आवाज कानात येई: कुणाच्या बदली? शेवटी मी नुसतं 'सेवा, छत्तीस महिने' लिहिलं. पेन्सिलीनेच, त्यांच्याएवढ्याच बारीक अक्षरात. आणि कागद परत पाठवला. मनात म्हटलं, चला, एवढं तरी झालं.

तेवढंही झालं नाही. कच्ची छपाई घराण्यातल्या सगळ्या घरी गेली होती, आणि प्रत्येक घराला त्या रकान्यात काही ना काही खुपलं. एकाच्या मुलाचा हुद्दा एक पायरी खाली पडला होता. एकाला शिपाई असताना तुरुंगवास झाला होता, तो रकान्यात आला नाही म्हणून भावकीतल्या दुसऱ्याने तक्रार केली. तिघांनी पाठीचे, डोळ्यांचे, पायांचे दाखले जोडून पाठवले. बोंग-सिक, लाल टोपीवाले, सहा महिनेच नौसेनेत होते आणि मग गुडघा मोडून घरी आले, असं निघालं. मार्चच्या सभेत सगळ्यांनी हात वर करून अख्खा रकाना काढून टाकला. भाऊजींनी पेटीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि काम सोडलं. हे मला जाऊबाईंनी फोन करून सांगितलं, आणि सांगता सांगता त्या रडल्या. गेले सहा महिने त्यांचा माणूस घरोघर फोन करून वर्षं जुळवत होता. मला वाईट वाटलं. ते वाटल्याचाही राग आला. तुरुंगाच्या स्वयंपाकघरात हात सोलून घेणारा माझा मुलगा, चौतीस वर्षं चौकीवर काढलेले भाऊजी आणि सहा महिन्यांचे बोंग-सिक, आता तिघांच्याही नावापुढे सारखंच कोरं पान.

पुस्तक मे महिन्यात आलं. निळं कापडी बांधणीचं, चांगलं चार किलोंचं. जूनमध्ये हानसोल तीन दिवसांच्या रजेवर आला तेव्हा मी ते त्याच्यापुढे ठेवलं. त्याने टॉवेलला हात पुसले, आपली ओळ शोधली आणि बोट तिथेच ठेवून वर बघितलं, बाबांच्या ओळीकडे.

"आई, यात तू कुठेयस?"

"ती काय. बाबांच्या नावाखाली."

"इथे नुसतं 'पत्नी, ताक घराण्यातली' असं लिहिलंय. तुझं नाव नाही."

मी चष्मा लावून पाहिलं. ते पान मी स्वतः तपासलं होतं, भिंग लावून, दोनदा. जुन्या रीतीने बायकांचं माहेरचं घराणं तेवढं लिहितात, आणि माझी नजर त्यावरून सरळ पुढे गेली होती, एक अक्षर चुकलेलं नाही म्हणून. एकशे ऐंशी वर्षांपूर्वीच्या खानेसुमारीतही माकसेची बायको अशीच होती, मुन घराण्यातली, आणि तेव्हाही तिला नाव काय होतं हे मी स्वतःला विचारलं नव्हतं.

"फोन करू का काकांना?" हानसोल म्हणाला.

"त्यांनी काम सोडलंय," मी म्हटलं. "आणि पुढची आवृत्ती तीस वर्षांनी."

तो पुस्तक मिटून भात लावायला उठला. नऊशे माणसांच्या सवयीने त्याने तांदूळ फार घेतले होते. मी ते त्याला सांगितलं, तर म्हणाला, माहीत आहे, राहू दे, उरला तर उद्या खाऊ.